सावडीतला अंगठा

मनिला, १४ जून २०११

लोलो सियानो यांना,

नमस्कार म्हणून तुमचा हात हातात घेऊन कपाळाला लावला, असं धरून पुढे वाचावं.

मी आर्लिन पाबेलॉन. तुमची पुतणी नेना, तिची थोरली मुलगी, म्हणजे नात्याने तुम्ही माझे आजोबा, लोलो. आपली शेवटची भेट तुमच्या पत्नीच्या, लोला इसिंगच्या दफनाला झाली. तेव्हा मी कॉलेजात होते आणि आपण एकमेकांशी बहुधा बोललो नाही. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून पत्र.

आईने तुमची फाइल माझ्याकडे दिली आहे. मी बोटांच्या ठशांच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणजे सरकारी कागद मला कळत असणार, असा तिचा समज आहे. फाइल वाचली. मला समजलं ते असं: जपान्यांविरुद्ध अमेरिकेच्या बाजूने लढलेल्या फिलिपिनो सैनिकांना अमेरिकेने युद्ध संपल्यावर चौसष्ट वर्षांनी, २००९ साली, एकरकमी भरपाई मंजूर केली. तुम्ही मुदतीत अर्ज केला. मे २०१०मध्ये दावा कक्षाने तो फेटाळला. कारण: ‘अर्जदाराचे नाव गनिमी युद्धातील सैनिकांच्या मान्य यादीत आढळत नाही.’ त्यावर तुम्ही पाठवलेलं अपील दोन ओळींचं आहे. ‘यादी नीट बघा. मी डोंगरात होतो, तुम्ही कुठे होता?’ याला अपील म्हणत नाहीत.

पुढच्या प्रश्नांची उत्तरं द्यावीत. फक्त प्रश्नांचीच. कप्तान कोण होते? तुम्ही कधीपासून कधीपर्यंत तुकडीत होता? युद्धानंतर एखाद्या कागदावर सही-अंगठा दिला होता का? हयात साक्षीदार कोण?

सोबत शाईची डबी आणि कार्ड पाठवते आहे. वाडीच्या कार्यालयातल्या सेक्रेटरीबाईंसमोर दहाही बोटांचे ठसे द्यावेत. बोट दाबायचं नाही. नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हलकेच लोळवायचं.

आर्लिन


बायावास वाडी, २ जुलै २०११

आर्लिन पोरी,

देव तुझं भलं करो. ‘फक्त प्रश्नांचीच’ वाचलं आणि ओळखलं, ही नेनाचीच लेक. तुझी आई लहानपणी मासा खाताना काटे मोजून ताटाच्या कडेला मांडायची.

कप्तान विल्यारोसा. त्रेचाळीसच्या कापणीपासून ते अमेरिकन परत येईपर्यंत. मी रेडिओची बॅटरी पाठीवर वाहायचो. एकदा तिच्यातलं आम्ल खांद्यावर सांडलं. माझं नाव त्यांच्या यादीत नसेल, पण त्यांची बॅटरी माझ्या खांद्यावर आहे. हवा तर त्याचाही ठसा घे.

कागद आहे. सेहेचाळीस सालच्या जुलैत अमेरिकन लोक गावच्या चौकात टेबल मांडून बसले होते. प्रत्येकाचं नाव पुकारायचे, कागद भरायचे, अंगठा घ्यायचे. त्या कागदावर माझा अंगठा आहे.

साक्षीदार सगळे कबरस्तानात. वरच्या रांगेत तिघं, खालच्या रांगेत दोघं. समन्स काढून बघ, कोण येतं ते.

आता तू न विचारलेलं सांगतो. नऊ एप्रिलला, शौर्य दिनाला, चौकात आम्हा जुन्या सैनिकांना मांडवाखाली पुढच्या रांगेत बसवतात. पन्नास वर्षं मी तिथे बसलो. यंदा नगराध्यक्षाच्या कचेरीतला एक तरणा गडी कागद घेऊन आला. म्हणाला, ‘ताताय, तुमचा दावा नामंजूर झालाय, तुम्ही मागे पब्लिकमध्ये बसा.’ मागे मिरवणुकीत बाजा वाजवणारे बसले होते. मी ट्रॉम्बोनवाल्याच्या शेजारी बसलो. बायका आपसांत बोलत होत्या. मला ऐकू येत नाही, पण तोंडं वाचता येतात. ‘खोटा’ म्हणताना ओठ कसे होतात ते मला कळतं.

पैसे मिळाले तर मेहुण्याच्या मुलीच्या, पिनिंगच्या घराचे पत्रे बदलू. नाही मिळाले तर गळकं घरही घरच असतं. पण मी खोटा नाही, हे त्या कचेरीने एका कागदावर लिहून द्यावं. मग मी मरायला मोकळा.

ठसे पाठवले. सेक्रेटरीबाई म्हणाली, चोराचे घेतात तसे घेतलेत.

लोलो सियानो


मनिला, ३० सप्टेंबर २०११

लोलो,

तुमच्या हाताला नमस्कार.

अपील दाखल केलं. अकरा पानं आहेत. तुमच्या दोन ओळी त्यात नाहीत.

१९४६चा कागद शोधायला मी जुन्या लष्करी कागदांच्या दफ्तरात पाच वेळा गेले. खिडकी क्रमांक चारने मला सातकडे पाठवलं, सातने चारकडे. शेवटी मी दोघींना एका वेळी एका जागी उभं राहून बोलायला सांगितलं. एकाच मजल्यावर बारा वर्षं नोकरी करून त्यांची त्या दिवशी पहिल्यांदा ओळख झाली. मग कळलं की तुमच्या माघिरांग आडनावाचा एक जाडजूड गठ्ठा आहे, पण तो खाजगी व्यक्तीला दाखवता येत नाही. दावा कक्षाने मागितला तरच निघतो. मी दावा कक्षाला तसं लिहिलं. तुमच्या ठशांचं कार्डही अपिलाला जोडलं आहे.

नाव, जन्मतारीख, गाव यांत लिहिणाऱ्याची चूक होऊ शकते. ठशात होत नाही. कागद निघाला की वाद संपेल.

आर्लिन


मनिला, २० फेब्रुवारी २०१२

लोलो,

दावा कक्षाचं उत्तर आलं. मजकूर तसाच उतरवते.

‘अर्जदाराच्या नावाचे दि. ९ जुलै १९४६ चे प्रतिज्ञापत्र उपलब्ध झाले आहे. तथापि त्यावरील उजव्या अंगठ्याचा ठसा अर्जदाराने सादर केलेल्या ठशाशी जुळत नाही. सबब सदर प्रतिज्ञापत्र अर्जदाराचे नसल्याचे दिसते. खोटा पुरावा सादर केल्याबद्दल दावा रद्द का करू नये याचे स्पष्टीकरण साठ दिवसांत द्यावे.’

मी प्रत मागवून घेतली. भिंगाखाली पाहिली. प्रतिज्ञापत्रावर नाव तुमचं, वाडी तुमची, कप्तान विल्यारोसा. फक्त अंगठ्याबद्दल माझा एक प्रश्न आहे.

हा अंगठा तुमचा आहे का? हो किंवा नाही.

आर्लिन


बायावास वाडी, ४ मार्च २०१२

आर्लिन,

हो. माझाच.

सियानो


मनिला, १९ मार्च २०१२

लोलो,

तुमच्या अंगठ्यावर शंख आहे. १९४६च्या कागदावरच्या अंगठ्यावर चक्र आहे. शंखाचं चक्र होत नाही. ते आईच्या पोटात ठरतं आणि माणसाला पुरल्यानंतरही काही दिवस टिकतं. भाजलं, कापलं, म्हातारपण आलं, तरी रेघांची मांडणी तीच राहते. हे मत नाही. हे मी रोज करते ते काम आहे.

ठशांचं कार्ड जोडायचा निर्णय माझा होता. समोरचा ठसा न बघता मी आपला ठसा देऊन टाकला. आमच्या कामात ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची चूक मानतात. ती माझी, आणि ती मी कबूल करते.

पण जे खोटं आहे हे मला माहीत आहे, त्यावर मी स्पष्टीकरण लिहू शकत नाही. तुम्ही खरं सांगितलं तर पुढे जाता येईल. तोवर फाइल आईकडे परत देते आहे.

आर्लिन


बायावास वाडी, २८ ऑगस्ट २०१२

आर्लिन,

नेना आली होती. म्हणाली, ‘पोरगी तुमचं नाव निघालं की उठून भांडी घासायला जाते.’ म्हणजे राग आहे. असू दे. साठ दिवस केव्हाच गेले. एप्रिलात मी चौकात गेलोच नाही. पाय दुखतात असं सांगितलं.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. पिनिंग, म्हणजे माझ्या मेहुण्याची, मेल्चोरची मुलगी, तिची नांगरट राहिली आहे. भाड्याचा यांत्रिक नांगर दोन आठवडे मिळत नाही. मी म्हटलं, ‘सावडीने करा ना.’ तर सगळी तोंडाकडे बघत राहिली. तिचा जावई म्हणतो, ‘लोलो, आता कोण कुणाच्या शेतात फुकट राबतं?’ फुकट म्हणे!

तुला मनिलात काय ठाऊक असणार, म्हणून सांगतो. आमची सहा घरांची सावड होती. आज सगळे तुझ्या शेतात, उद्या माझ्या, परवा त्याच्या. प्रत्येक घरातून एक माणूस आणि एक रेडा आलाच पाहिजे. कोण आला ते कुणी बघायचं नाही. मी तापाने पडलो की माझ्या जागी इसिंग यायची, आणि बांधावर उभी राहून माणसं मोजणारी विधवा सेपा तिच्याकडे बघूनच म्हणायची, ‘सियानो आला.’ एकदा तिच्या घरी जेवताना इसिंगला तिने हाक मारली, ‘सियानो, आणखी भात घे गं!’ आठवडाभर आमच्या घरात तेच चाललं होतं.

ते अमेरिकन टेबल मांडून बसले, तेव्हाही सेपाच्याच शेताची पाळी होती. आमच्या घरची पाळी मी उचलली होती, मेल्चोरच्या घरून त्याचा भाऊ आला होता. म्हणून मेल्चोर मोकळा होता, तो चौकात गेला. तिथे गेल्यावर कळलं, नावं आडनावाच्या अक्षरक्रमाने घेतायत. पहिल्या दिवशी अर्धी, दुसऱ्या दिवशी उरलेली. मेल्चोरचं आडनाव रादा, म्हणजे दुसऱ्या दिवशी. तो परत फिरणार तेवढ्यात पुकारा झाला, ‘माघिरांग, सिप्रियानो!’ एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पुकारून गैरहजर लिहायचे आणि नाव खोडायचे. मी गुडघाभर चिखलात. मेल्चोर पुढे झाला आणि म्हणाला, ‘हजर.’

त्याने अंगठा दिला. तो दिवस मी त्याला फेडला. सप्टेंबरात माझ्या रेड्याने त्याचं अख्खं खाचर नांगरून दिलं. फिटलं. मग तो अंगठा कोणाचा? मेल्चोरचा कसा? त्याचा त्याला परत मिळाला की!

तू विचारलंस, हो की नाही. मी हो म्हटलं. तरी तुला मी खोटा वाटलो. वाटू दे. नांगरट अजून पडलीच आहे.

सियानो


मनिला, १० सप्टेंबर २०१२

लोलो,

तुमचा हात कपाळाला लावला. या वेळी धरून चालू नये. मी घरात एकटी होते आणि हात तसा नेऊन पाहिला.

प्रश्न मी चुकीचा विचारला होता. ‘अंगठा कोणाच्या हाताचा’ असं विचारायला हवं होतं. तुम्ही खोटं बोलला नव्हता. मार्चच्या पत्रातलं ‘जे खोटं आहे’ हे वाक्य मी मागे घेते.

फाइल आईकडून परत आणली आहे.

आता याचा पुरावा करता येतो. त्यासाठी मेल्चोर रादा यांचा ठसा असलेला दुसरा कोणताही जुना कागद हवा. जमिनीचा, कर्जाचा, कशाचाही.

आणखी एक. तुमच्या सांगण्यात एक जागा रिकामी आहे. मेल्चोर स्वतः तुकडीत होते ना? दुसऱ्या दिवशी त्यांचं नाव पुकारलं जाणार होतं. मी दफ्तरात विचारलं. रादा आडनावाचा गठ्ठा आहे, त्यात मेल्चोर नाहीत. का?

आर्लिन


बायावास वाडी, ५ ऑक्टोबर २०१२

आर्लिन,

नको तिथे भिंग लावतेस.

मेल्चोर मशीनगन वाहायचा. मी बॅटरी वाहिली, त्याने गन. त्याच्या मांडीत गोळी होती, ती शेवटपर्यंत तशीच राहिली. लागवडीच्या दिवसांत वाकला की कळ यायची.

पहिल्या दिवशी संध्याकाळी तो हसत हसत घरी आला. म्हणाला, ‘तुला फौजेत भरती करून आलो. उद्या तू मला भरती कर.’ त्याला स्वतःला जाता येत नव्हतं. टेबलामागचा गोरा त्याच्या तोंडाकडे चांगला निरखून बघत होता. तोच चेहरा दुसऱ्या दिवशी रादा म्हणून कसा जाणार? म्हणून ठरलं. उद्या त्याच्या नावाला मी हजर म्हणायचं.

मी पहाटे निघालो. चौकात पोहोचलो तर टेबल नव्हतं. ट्रकच्या चाकांचे वळ होते आणि झाडाखाली सिगारेटची थोटकं. दुकानदार म्हणाला, ‘वरून हुकूम आला, गेले. उरलेल्यांना नंतर बोलावणार म्हणाले.’ ते नंतर अजून आलेलं नाही.

 मेल्चोर एकोणऐंशी साली गेला. शौर्य दिनाला तो सगळी वर्षं मागे उभा असायचा, नारळाची दारू घेऊन, आणि मी मांडवात. मी वळून बघायचो नाही.

नांगरट मी फेडली. रांगेतली जागा नाही फेडली. इसिंगशिवाय हे कुणाला माहीत नव्हतं. आता तुला माहीत झालं. अंगठा त्याचा होता असं लिहिलं तर सरकार त्याला तोतया म्हणेल. मेलेल्या माणसाला तोंड नाही. म्हणूनच मी ‘माझा’ म्हणत राहिलो. तुला सांगितलेलं कारणही खरं आहे, हे कारणही खरं आहे.

पिनिंगकडे १९६१चा नारळबागेचा करार आहे. त्यावर त्याचा अंगठा आहे. पाठवतो. पण त्याला चोरासारखं मांडलंस तर तुझा माझा संबंध संपला.

सियानो


मनिला, १२ नोव्हेंबर २०१२

लोलो,

जुळला. उजवा अंगठा, चक्र. चौदा खुणा ठिकाणासकट सारख्या आहेत. आमच्याकडे बारा पुरेशा मानतात. मी रजेच्या दिवशी, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीचा अहवाल केला. वरिष्ठांना आधी सांगितलं. ते म्हणाले, ‘नातेवाइकांच्या प्रकरणात कशाला पडतेस?’ मी म्हटलं, ‘ठशाला नातं कळत नाही.’ ते हसले नाहीत, पण त्यांनी अडवलंही नाही.

अहवालात मेल्चोर रादा यांच्याबद्दल ‘तोतया’ हा शब्द नाही. ‘त्याच तुकडीतील सैनिक, अर्जदार कामावर असल्याने त्याच्या नावाच्या पुकाऱ्यास हजर राहिले’ असं लिहिलं आहे. दोघांच्या सेवेबद्दल तुमचं निवेदन आणि मुदत उलटल्याबद्दल माफीचा अर्ज जोडून सगळं दावा कक्षाला दिलं आहे. तुमच्या खांद्याच्या डागाचा फोटोही जोडला, कारण प्रतिज्ञापत्रात ‘ओळखीची खूण’ या रकान्यात ‘डावा खांदा, भाजल्याचा डाग’ असं आहे. मेल्चोर यांनी अंगठा स्वतःचा दिला, पण खूण तुमची सांगितली.

हे दावा कक्षाने नऊ महिन्यांपूर्वी वाचायला हवं होतं. मीही वाचायला हवं होतं.

आर्लिन


बायावास वाडी, २६ मार्च २०१३

आर्लिन,

चार महिने काही नाही आणि काल पोस्टमन आला. पाकिटावर नाव कोणाचं असेल? मेल्चोर रादा! पोस्टमन म्हणतो, ‘लोलो, हे तर कधीच वारले ना?’ मी म्हटलं, ‘सरकारला अजून कळलेलं नाही, ओरडू नकोस.’

पत्र सोबत ठेवलं आहे. त्यात लिहिलं आहे की १९४६च्या प्रतिज्ञापत्रावरील ठसा सदर मेल्चोर रादा यांचा असल्याचे निदर्शनास आले आहे, सबब त्यांनी ओळखपत्रासह १८ एप्रिल रोजी खिडकी क्रमांक तीनवर समक्ष हजर राहावे, अन्यथा प्रकरण बंद करण्यात येईल. तू त्यांना चौदा खुणा दिल्यास, मृत्यूचा दाखला दिलास का? दिला असशीलच. वाचला कोणी!

पिनिंग रडायला लागली. म्हणते, ‘बाबांना सरकारने पहिल्यांदाच पत्र लिहिलं.’

मी येतोय. सतरा तारखेची रात्रीची बस. नेनाला सांगू नकोस, ती अडवेल. माझं वय तिच्या फार लक्षात राहतं.

सियानो


मनिला, ४ एप्रिल २०१३

लोलो,

मृत्यूचा दाखला जोडला होता. परिशिष्ट पाच.

तुम्ही येऊन उपयोग होणार नाही. ‘समक्ष’ या शब्दात दुसरा माणूस बसत नाही. मी कक्षाला तीन वेळा लिहिलं, उत्तर नाही.

अठराला मी रजा घेतली आहे. पहाटे साडेचारला बसथांब्यावर असेन. स्वतःचं ओळखपत्र आणावं. स्वतःचं. ब्लडप्रेशरच्या गोळ्या विसरू नयेत.

आर्लिन


मनिला, २ मे २०१३

लोलो,

तुमचा हात कपाळाला लावते.

बसमध्ये बसताना तुम्ही विचारलंत, खिडकीतली बाई नेमकं काय म्हणाली. तुम्हाला अर्धंच ऐकू आलं होतं. म्हणून सगळं लिहून देते.

साडेसात वाजता रांगेत आपला क्रमांक एकशे बारा होता. पाऊण वाजता तिने पुकारलं, ‘रादा, मेल्चोर.’

तुम्ही म्हणालात, ‘हजर.’

मी लगेच दुरुस्ती करायला हवी होती. केली नाही.  

तिने ओळखपत्र पाहिलं. ‘यावर सिप्रियानो माघिरांग आहे.’

तुम्ही म्हणालात, ‘बरोबर आहे.’

‘मग रादा कुठे आहेत?’

‘वारला. एकोणऐंशीला.’

‘आजोबा, मग हजर कोण म्हणालं?’

‘मी. त्याच्या वाटचं. एक दिवस उशीर झाला तेव्हा, टेबल उठून गेलं होतं.’

‘असं चालत नाही, आजोबा.’

‘इथे काय चालतं, ते तुमच्या लोकांनी मला सदुसष्ट वर्षांत एकदाही नीट सांगितलं नाही, बाई.’

मागची रांग हसली, ते तुम्ही पाहिलंत. पुढचं तुम्हाला ऐकू आलं नाही, कारण ती तोंड माझ्याकडे वळवून, आवाज खाली आणून बोलली. ती म्हणाली, ‘यांना जरा बाकावर बसवा. मला “गैरहजर” लिहावं लागणार आहे. त्यांच्या डोळ्यांदेखत नको.’ मी तुम्हाला पाणी आणायच्या निमित्ताने बाकावर नेलं, ते यासाठी. ती परत बोलावून म्हणाली, ‘शेऱ्याच्या रकान्यात काही लिहू का?’ मी म्हटलं, ‘जे घडलं ते लिहा.’ तिने लिहिलं: ‘सहसैनिक माघिरांग यांनी प्रतिसाद दिला.’ मी प्रत मागितली. प्रत मिळाली. पिनिंगमावशींसाठी सोबत ठेवली आहे.

आता निकाल. मेल्चोर रादा यांचं प्रकरण गैरहजेरीमुळे बंद. तुमचं प्रकरण: ‘अर्जदाराने ठसा स्वतःचा नसल्याचे मान्य केले असल्याने प्रतिज्ञापत्र ग्राह्य धरता येत नाही.’ खांद्याच्या डागाचा उल्लेख नाही. फोटो त्यांना मिळाला होता, पोच माझ्याकडे आहे. मी हे पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना टेबलावरचा पेला खाली पडला. पडला म्हणजे मी टाकला.

पुन्हा अपील केलं आहे. एका अर्जात दोन नावं बसत नाहीत, म्हणून दोन अर्ज. रादा यांच्या अर्जातही, साक्ष तुमची असल्यामुळे, अर्जदार तुम्हीच आहात; पण ‘अर्जदाराचे मृताशी नाते’ या रकान्यात पत्नी, मुलगा, मुलगी आणि शेवटी ‘इतर’ एवढेच पर्याय आहेत. मी ‘इतर’वर खूण करून सावड म्हणजे काय ते चार ओळींत लिहिलं. अकरा पानांपेक्षा त्या चार ओळींना जास्त वेळ लागला. जिथे फुली आहे तिथे सही आणि अंगठा द्यावा, सेक्रेटरीबाईंसमोर.

उत्तराला दहा-अकरा महिने लागतात. तुम्ही बसच्या खिडकीतून विचारलंत, तोवर मी नसलो तर?  बस निघाली आणि मला पटकन उत्तर द्यायची सवय नाही.

विचार करून लिहिते आहे. ते नाव पुकारतील तेव्हा मी रांगेत असेन. हजर म्हणेन. दोन्ही नावांना.

आर्लिन